कोमल स्वरांची रेघ गेली कुठे?

पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत वाटणी केली: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. कागदावर या दहाही थाटांची अक्षरे एकच. सा रे ग म प ध नि. भैरवीत तीच सात, तोडीतही तीच सात. फरक आहे तो चार-दोन खुणांचा. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. या रेघा पुसल्या की दहाही थाट बिलावल होऊन बसतात.

आणि आज त्या रोज पुसल्या जात आहेत. कुणी मुद्दाम पुसत नाही. अमरावतीच्या राजापेठेतून अकोल्याच्या जठारपेठेत मोबाइलवरून गेलेल्या नोटेशनच्या फोटोत त्या विरतात, महाविद्यालयाच्या संगणकावर उघडलेल्या पीडीएफमध्ये फिकट होतात आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून बाहेर पडेपर्यंत दिसेनाशा होतात. मग पेटीवर बसलेला विद्यार्थी शुद्ध गांधार वाजवतो आणि सर ओरडतात, ‘‘अबे, खालची रेघ दिसून नाही राह्यली का तुले?’’ दिसून नाहीच राहिली. त्यात त्या पोट्ट्याचा काही दोष नाही.

मालकंस घ्या. ग, ध, नि कोमल. रे आणि प वर्ज्य. लिहायचा तर सा ग॒ म ध॒ नि॒ सां. तिन्ही रेघा गेल्या की उरते सा ग म ध नि सां. ही निरर्थक अक्षरे असती तर बरे झाले असते; विद्यार्थी अडखळला असता, त्याने विचारले असते. पण हा चक्क भिन्न षड्ज आहे, मैफलीत मानाने गायला जाणारा स्वतंत्र राग. म्हणजे पडद्यावरची चूक चुकीसारखी दिसतच नाही. भैरवचे रे-ध असेच सुटले तर बिलावलाची सरळ सप्तकी हाती येते. ज्याच्या कानावर राग आधीच बसला आहे तो क्षणात सावरतो. ज्याला नोटेशनची खरी गरज आहे, तोच फसतो.

रेघ नेमकी जाते कुठे, हा साधा हिशोब आहे. 15.6 इंची, 1366 बाय 768 ठिपक्यांचा पडदा आपल्याकडच्या जुन्या लॅपटॉपवर सर्रास असतो. त्यावर एका इंचात सुमारे 100 ठिपके बसतात. ए-फोर आकाराचे पान पूर्ण दिसेल असे उघडले, तर वरच्या-खालच्या पट्ट्या वजा जाता उभ्या दिशेला सहाशेच्या आसपास ठिपके उरतात. पान 297 मिलिमीटर उंच. म्हणजे एका मिलिमीटरला दोन ठिपके. छापील पुस्तकातला, स्वराचे सप्तक दाखवणारा बिंदू अर्धा मिलिमीटर धरला तर त्याच्या वाट्याला येतो एकच ठिपका. कोमलाची रेघ 0.2 मिलिमीटर जाड धरली तर तिला अर्धाही मिळत नाही. अर्धा ठिपका नावाची वस्तू संगणकाकडे नसते. तो तडजोड करतो आणि काळ्याऐवजी फिकट राखाडी रंग लावतो. कणस्वराची तर दैना. मूळ अक्षराच्या डाव्या खांद्यावर बसणारा तो बारीक स्वर दीड मिलिमीटर उंचीचा असेल तर तीन ठिपक्यांत आवरतो. त्यातला एक शिरोरेषेने खाल्ला. उरलेल्या दोन ठिपक्यांत ध काढून दाखवावा!

मोबाइलचा पडदा याहून बारीक ठिपक्यांचा असतो हे खरे. पण साडेसहा इंची फोन हातात उभा धरला तर त्याची रुंदी जेमतेम 68 मिलिमीटर भरते. पान 210 मिलिमीटर रुंद, म्हणजे सगळे एक तृतीयांश होते. तिथे ठिपके पुरतात, डोळे पुरत नाहीत.

‘झूम कर ना,’ असे कुणी म्हणेल. झूमचा उपयोग मूळ चित्र शाबूत असेल तेव्हा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले पान वाटेत दाबून लहान केले जाते, आणि ते जेपेग पद्धतीने. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि डोळ्याला जाणवणार नाही असा बारीक तपशील त्यातून काढून टाकते. लग्नाचे फोटो, चिखलदऱ्याचे धुके, बाळाचा चेहरा यांसाठी ती उत्तम. पांढऱ्यावरची बारीक काळी रेघ हे मात्र तिचे दुखणे. रेघेच्या कडेने राखाडी शिंतोडे उडतात, आणि हे शिंतोडे नेमके अक्षरांच्या वरखाली असतात, जिथे स्वरलिपीचे बिंदू असतात. होता तो बिंदू जातो, नव्हता तो उगवतो. मग तोच फोटो पुढे पाठवला जातो, कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढतो, कुणी प्रिंट काढून वर्गात वाटतो. पिढ्या वाढतात तसा राग बदलत जातो.

यात भर म्हणून आपल्याकडे स्वरलिपी एक नाही, दोन आहेत. भातखंड्यांची आणि पं. विष्णु दिगंबर पलुस्करांची. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना पुढच्या इयत्तांत दोन्ही शिकाव्या लागतात. भातखंडे पद्धतीत अक्षराच्या वरचा बिंदू म्हणजे तार सप्तक आणि खालचा म्हणजे मंद्र. पलुस्कर पद्धतीत वरचा बिंदू म्हणजे मंद्र सप्तक, आणि तारेसाठी वर उभी रेघ. भातखंड्यांकडे मध्यमावरची उभी रेघ तीव्र मध्यम सांगते, पलुस्करांकडे तीच रेघ तार सप्तक दाखवते. तालाच्या खुणांत भातखंडे समेला × मांडतात. पलुस्कर खालीला + मांडतात आणि समेला 1. आठ ठिपक्यांच्या चौकटीत × आणि + यांतला फरक ओळखणे म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. धूसर पानावर आधी पद्धत कोणती हेच कळत नाही, आणि पद्धत चुकली तर एकाच बिंदूने स्वर दोन सप्तके इकडचा तिकडे जातो.

खरे तर या दोन्ही पंडितांनी आपापल्या काळच्या यंत्राशी झगडूनच लिपी उभी केली होती. पलुस्करांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुस्तकांसाठी स्वतःचा छापखानाही उभारला, कारण असले खिळे दुसऱ्या कुणाकडे असणार कुठून? लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती आणि दृष्टी पुढे अधूच राहिली. असा माणूस अक्षराच्या वरखाली बारीक खुणा बसवत होता, ही गोष्ट आजच्या फॉन्टकर्त्यांनी जरूर लक्षात घ्यावी. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक स्वराखाली मात्रेचीही खूण येते: एका मात्रेला आडवी रेघ, अर्धीला शून्य, पावला चंद्रकोर. लिपी काटेकोर, पण जुळाऱ्याचा जीव काढणारी. भातखंड्यांनी खुणा कमी केल्या. एका मात्रेत जितके स्वर तितके एकत्र लिहून खाली एक चंद्र काढला, लांबवायचा स्वर ‘–’ने दाखवला, गीताच्या ओळीत अवग्रह वापरला. ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे सहा भाग या पद्धतीने निघाले, तेही मुळात मराठीत. त्यांची हिंदी रूपे पुढे हाथरसच्या संगीत कार्यालयाने घरोघरी पोहोचवली, आणि आज मोबाइलवर फिरणारी कितीतरी पाने त्याच पुस्तकांची फोटो-अपत्ये आहेत.

वऱ्हाडाला पलुस्करांची परंपरा दूरची नाही. डॉ. वसंतराव देशपांडे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, जन्म 2 मे 1920. नागपुरात त्यांना शिकवणारे शंकरराव सप्रे हे पलुस्करांचे शिष्य. म्हणजे लाहोरच्या शाळेचा धागा एका पिढीत मूर्तिजापूरच्या मुलापर्यंत पोहोचला होता. पुढे वसंतरावांनी कुणाकुणाकडून काय काय उचलले हा वेगळा आणि मोठा विषय आहे. पण मुळाशी गुरू समोर होता, रेघ दिसली नाही तर विचारायला जागा होती. धारणीच्या किंवा दर्यापूरच्या मुलाला आज ती सोय आठवड्यातून एकदा मिळते, कधी तीही नाही. उरलेले सहा दिवस त्याचा गुरू म्हणजे तो पडदा.

पाश्चात्त्य संगीताला हे दुखणे आपल्याआधी जडले. तिकडची पाच रेघांची सरगम छापायची कशी, हा प्रश्न व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुची याने 1501 मध्ये सोडवला. एकच पान अनेकदा यंत्राखाली घालून रेघा एकदा, स्वर एकदा, असे त्याने छापले. पडद्यावर तोच प्रश्न नव्याने आला. 1984 च्या पहिल्या मॅकिंटॉशचा पडदा 512 बाय 342 ठिपक्यांचा होता. पाच समांतर रेघांमधले अंतर साडेसहा ठिपके भरले, तर संगणक एक फट सहाची ठेवतो, दुसरी सातची. किंवा, राखाडी छटा दाखवणाऱ्या पडद्यावर, एक रेघ ठसठशीत येते आणि शेजारची दोन ओळींत पसरून राखाडी होते. वादकाची नजर अशा वाकड्या जाळीवर घसरते. उपाय कष्टाचे होते, पण झाले. रेघांमधले अंतर पूर्ण ठिपक्यांतच बसेल इतकेच पान मोठे-लहान करायचे, बारीक आकारासाठी अक्षराचा आराखडा वेगळा करायचा, स्वरचिन्हांचे स्वतंत्र फॉन्ट करायचे. 1980 च्या दशकात ॲडोबीने ‘सोनाटा’ काढला. 2013 मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने स्वरचिन्हांच्या फॉन्टची समाईक मांडणी जाहीर केली आणि तिच्यासोबत ‘ब्रावुरा’ हा फॉन्ट खुला करून दिला. कुठल्या चिन्हाला कोणता क्रमांक हे एकदा ठरले, की कुणाचेही सॉफ्टवेअर कुणाचाही फॉन्ट वापरू शकते. जुन्या छापील प्रती उतरवून ठेवणाऱ्यांनीही शिस्त लावून घेतली: इंचाला 600 ठिपक्यांनी स्कॅन, शुद्ध काळे-पांढरे.

आपल्याकडे काय झाले? डीटीपीवाल्याने श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये अक्षरे टाइप केली, कोरलड्रॉमध्ये नेली आणि प्रत्येक कोमल स्वराखाली माउसने एकेक रेघ ओढली. एका बंदिशीला शंभर रेघा. पुस्तक छापून झाले, फाइल त्या संगणकासोबत भंगारात गेली. पुढच्या आवृत्तीला पुन्हा शंभर रेघा. युनिकोड आल्यावरही वर्डमध्ये अधोरेखनाचे बटण दाबून कोमल स्वर करायची सवय पडली. दिसते छान, पण तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की अधोरेखन गळून पडते आणि मालकंसाचा पुन्हा भिन्न षड्ज.

कंटाळलेल्या मंडळींनी मग रोमन लिपीचा रस्ता धरला. स्मॉल ‘आर’ म्हणजे कोमल रिषभ, कॅपिटल ‘आर’ म्हणजे शुद्ध. मध्यमाला मात्र उलटे, स्मॉल ‘एम’ शुद्ध आणि कॅपिटल तीव्र. पेटी वाजवणारी तरुण पोरे भजनाच्या आणि सिनेगीतांच्या सरगमी आता अशाच लिहितात. ही पद्धत टिकाऊ आहे हे कबूल केलेच पाहिजे, आणि का टिकाऊ आहे तेही समजून घेतले पाहिजे: तिच्यात फरक खुणेत नाही, अक्षराच्या आकारात आहे. मोडक्या पडद्यावरही ‘आर’ची दोन रूपे वेगळी ओळखू येतात. (फोनचा कीबोर्ड ओळीचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल करतो आणि कोमल रिषभाने सुरू होणारी ओळ शुद्ध होऊन जाते, ही वेगळी गंमत.) पण सप्तकाची सोय तिच्यात ओढूनताणून करावी लागते. शिवाय परीक्षेची उत्तरपत्रिका देवनागरीत, बंदिशीचे बोल देवनागरीत आणि स्वर तेवढे रोमनमध्ये, ही कसरत मराठी मुलाने का करावी?

विशेष म्हणजे देवनागरीत हव्या त्या खुणा आधीच आहेत. ऋग्वेदाच्या पाठासाठी अक्षराखालची आडवी रेघ आणि वरची उभी रेघ युनिकोडच्या देवनागरी विभागात फार पूर्वीपासून आहेत. एकीचे नाव अनुदात्त, दुसरीचे उदात्त. (वैदिक मंडळी इथे नाक मुरडतील, कारण ऋग्वेदाच्या पोथीत वरची उभी रेघ स्वरिताची असते. तूर्त ते भांडण बाजूला.) त्या खुणांनी कोमल गांधार लिहिला की ग॒ होतो, तीव्र मध्यम लिहिला की म॑ होतो. हे चित्र नव्हे, अधोरेखनही नव्हे. शुद्ध मजकूर आहे. नक्कल करा, पाठवा, शोधा, मोठा करा, रेघ अक्षराला सोडत नाही. तार सप्तकासाठी आपण सगळेच नकळत अनुस्वार वापरतो: सां, गं, मं. मंद्रासाठी खालचा नुक्ता: ध़, ऩि. मंद्र रिषभ लिहायला र खाली नुक्ता दिला की युनिकोडच्या लेखी तो होतो ऱ, म्हणजे ‘वऱ्हाड’मधला ऱ. मंद्र रिषभ वऱ्हाडी माणूस आपल्या प्रांताच्या नावात रोज टाइप करतो, फक्त त्याला कुणी ते सांगितलेले नाही.

मग अडचण काय? अडचण फॉन्टची आहे, आणि तिच्याकडे कुणी लक्ष दिलेले नाही. वैदिक खुणा अनेक फॉन्टमध्ये आहेत, पण त्या पोथीच्या हिशोबाने बेतलेल्या. काही फॉन्टमध्ये त्या नसतातच आणि अक्षराशेजारी पोकळ ठिपक्यांचे वर्तुळ उगवते. दरबारी कानड्याचे काम मंद्रात आणि त्यातही कोमल धैवत-निषादावर. तिथे अक्षराखाली रेघही हवी आणि बिंदूही. ऩि॒ असे लिहिले की बहुतेक फॉन्टमध्ये बिंदू रेघेवर आदळतो. वर तार सप्तकाचा बिंदू सां, गं, मंवर सुखाने बसतो. निंमध्ये तो वेलांटीच्या कमानीत शिरतो आणि बारीक आकारात दिसेनासा होतो. मोबाइलच्या रोजच्या कीबोर्डवर अनुदात्ताची रेघ सहज हाताशी येत नाही, ती कुठून तरी उचलून चिकटवावी लागते.

हे सगळे सुटण्यासारखे आहे. सोळा ठिपक्यांच्या साध्या अक्षराचा विचार करा. कोमल मंद्र निषादासाठी त्याच्या खाली किती जागा लागेल? अक्षराखाली एक ठिपका मोकळा, एक रेघेला, पुन्हा एक मोकळा, दोन बिंदूला. पाच ठिपके. रेघ पूर्ण एका ठिपक्याची, अर्धी-पाऊण नाही. बिंदू दोन बाय दोनचा, चौकोनी दिसला तरी चालेल. स्वरांच्या ओळीत उकार-ऋकार नसतात, म्हणजे खालची जागा रिकामीच असते. म सोडून कुणाला तीव्राची रेघ लागत नाही, आणि म वर मात्रा नसते, म्हणजे तीही जागा मोकळी. सात अक्षरांचा आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या खुणांचा हा मामला आहे. मराठीच्या पूर्ण फॉन्टला लागणाऱ्या शेकडो जोडाक्षरांपुढे हे काम क्षुल्लक. आडव्या रेघांकडे मात्र जास्त बघावे लागेल. पडद्यावरची अक्षरे सुबक करण्याची क्लिअरटाइपसारखी तंत्रे प्रत्येक ठिपक्याचे लाल-हिरवे-निळे तुकडे वापरून आडव्या दिशेचा बारकावा वाढवतात; त्याचा लाभ उभ्या दांड्यांना होतो. कोमलाची रेघ आडवी. तिला ही मदत मिळत नाही, तिची जागा हातानेच पक्की करावी लागते.

तालाच्या मांडणीचेही थोडे बोलले पाहिजे. त्रितालाच्या सोळा मात्रा पुस्तकाच्या रुंद पानावर एका ओळीत देखण्या दिसतात. फोनवर त्या मावत नाहीत. ओळ अकराव्या-बाराव्या मात्रेला तुटते आणि खालीची जागा कुठल्या कुठे जाते. फोनसाठी विभागाला ओळ हाच नियम बरा: त्रितालाला चार मात्रांच्या चार ओळी, झपतालाला दोन-तीन-दोन-तीन. भातखंड्यांचा कागद रुंद होता म्हणून त्यांनी आडवे लिहिले; त्यात शास्त्र नाही, सोय आहे.

यावर दोन आक्षेप ठरलेले. पहिला, आपले संगीत गुरुमुखी. कागदावर सांगाडा उतरतो, राग नाही, मग एवढा खटाटोप कशाला? नोटेशन सांगाडाच असतो, हे मान्य. पण सांगाड्याची हाडे तरी जागच्या जागी हवीत. परीक्षेत बंदिश स्वरलिपीसह लिहायला सांगायची, गुण कापायचे आणि शिकवताना मात्र ‘कानाने ऐका’ म्हणायचे, हा दुटप्पीपणा झाला. मोझरीच्या गुरुकुंजात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनच चालत आली, त्यांना नोटेशनची गरज पडली नाही. तिथे परीक्षाही नव्हती आणि रोज गाणारी मंडळीही गावात होती. दुसरा आक्षेप, पडदे सुधारताहेत, पाच-दहा वर्षांत प्रश्न आपोआप सुटेल. पडदे सुधारतील, पण जे पान आजच राखाडी होऊन साठवले गेले ते कुठल्याही पडद्यावर राखाडीच राहील. आणि तालुक्याच्या महाविद्यालयातला संगणक बंद पडल्याशिवाय बदलला जात नाही, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको.

काम कुणाचे, हे स्पष्ट म्हटलेले बरे. 1983 मध्ये स्थापन झालेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे येतात. संगीताच्या अभ्यासक्रमातल्या बंदिशी विद्यापीठाने एकदा युनिकोड मजकुरात, एकाच खुणांच्या नियमाने उपलब्ध करून दिल्या, तर पाच जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांची फोटो-अपत्यांतून सुटका होईल. भातखंडे 19 सप्टेंबर 1936 रोजी वारले. त्यांच्या मूळ ग्रंथांतल्या बंदिशींना स्वामित्वहक्काची अडचणही उरलेली नाही. फॉन्टचे काम राज्य मराठी विकास संस्थेकडे जावे. ‘यशोमुद्रा’ हा युनिकोड फॉन्ट संस्थेने याआधी करून घेतलेला आहे. त्यात स्वरलिपीच्या खुणांची भर घालणे नव्याने सुरुवात करण्यापेक्षा सोपे. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट खुल्या परवान्याने दिले आहेत. कुठल्याही जाणकाराला त्यात कायद्याने हात घालता येतो. पैशापेक्षा इथे गरज आहे ती संगीताचा शिक्षक आणि अक्षररेखनकार एका टेबलाशी बसण्याची. आजवर ते बसले नाहीत, कारण एकाला वाटते हा संगणकाचा प्रश्न आणि दुसऱ्याला तो माहीतच नाही.

तोवर शिक्षकांनी एवढे करावे. पान पाठवायचेच असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. तसे पाठवलेली फाइल दाबली जात नाही. स्कॅन करताना सावलीत मोबाइल धरण्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानातल्या स्कॅनरवर 600 ठिपक्यांनी करून घ्यावे. आणि पाठवण्याआधी तेच पान स्वतःच्या फोनवर, चष्मा न चढवता, एकदा उघडून पाहावे. मालकंसाच्या तिन्ही रेघा दिसल्या तर पुढे पाठवावे. न दिसल्या तर ओळी टाइप कराव्यात. स्थायी आणि अंतरा मिळून आठ-दहा ओळींचे ते काम आहे. गांधर्वच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. अमरावती-अकोल्यातल्या एखाद्या केंद्राने पुढच्या सत्राआधी प्रवेशिकेच्या सगळ्या बंदिशी अशा मजकुरात करून विद्यार्थ्यांना वाटाव्यात. त्यासाठी ना अनुदान लागते, ना कुणाची मंजुरी.